कडधान्य आणि धान्याची पॅटी ओव्हनमध्ये का फुटते, आणि न फुटणारी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिजवलेला राजमा आणि भात कुस्करून, ओट्सचं पीठ घालून केलेल्या पॅट्या ओव्हनमध्ये भाजल्या की कडा कोरड्या पडून चिरतात, आत लगदा राहतो आणि उलटताना तुकडे होतात. पीठ वाढवलं तर पॅटी धरते, पण खाताना पिठूळ लागते. अंडं घालायचं नाही आणि तळायचंही नाही.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. या पॅटीत पीठ कमी पडत नाही, पाणी जास्त होतं. शिजवलेल्या कडधान्यात वजनाच्या साठ ते सत्तर टक्के पाणी असतं, शिजवलेल्या धान्यातही साधारण तेवढंच. त्यात कच्चा कांदा, किसलेलं गाजर, टोमॅटो आले की ओव्हनला आधी हे सगळं पाणी उडवत बसावं लागतं. तेवढ्या वेळात बाहेरचा थर वाळून चिरतो आणि आतलं पाणी आतच अडकतं. तळणीत गरम तेल चारही बाजूंनी भिडतं आणि दोन मिनिटांत कवच धरतं. ओव्हनमधली हवा उष्णता फार संथपणे पोचवते. त्यामुळे तळण्यासाठीचं मिश्रण जसंच्या तसं ओव्हनमध्ये घातलं तर ते बिघडणारच. ओव्हनसाठी मिश्रण आधी कोरडं करायचं, मग त्यात मोजून तेल आणि मोजून ओलावा परत घालायचा. पुढचं सगळं याच क्रमाने आहे.

साधारण 100 ग्रॅमच्या नऊ पॅट्यांसाठी हे प्रमाण धरा:

शिजवून निथळलेला राजमा किंवा काळा घेवडा 450 ग्रॅम (कोरडा सुमारे 200 ग्रॅम)
शिजवलेलं धान्य 200 ग्रॅम (कोरडं सुमारे 70 ग्रॅम)
कांदा 150 ग्रॅम, मश्रूम 150 ग्रॅम, दोन्ही बारीक चिरून
ओट्स 40 ग्रॅम, भरड दळून
अक्रोड किंवा सूर्यफुलाच्या बिया 50 ग्रॅम, भाजून भरड कुटून
जवसाची ताजी पूड 14 ग्रॅम (दोन मोठे चमचे) आणि पाणी 45 मिली
तेल 30 मिली, शिवाय वरून लावायला थोडं
टोमॅटो पेस्ट एक मोठा चमचा, लसणाच्या चार पाकळ्या
मीठ 10 ग्रॅम. जिरेपूड, तिखट, मिरपूड आवडीप्रमाणे

वजनकाटा वापरा. वाटीच्या मापाने शिजलेला राजमा मोजला तर दाण्याच्या आकाराप्रमाणे आणि किती निथळला त्याप्रमाणे वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि या मिश्रणात तेवढा फरक पुरेसा घातक आहे. मीठ एकूण मिश्रणाच्या वजनाच्या एक ते सव्वा टक्का ठेवायचं. कडधान्य शिजवताना मीठ घातलं असेल तर ते यातून वजा धरा. डब्यातला राजमा घेतला तर 400 ग्रॅमच्या डब्यातून निथळून सुमारे 240 ग्रॅम दाणे मिळतात, म्हणजे दोन डबे लागतील. ते धुऊन चाळणीत अर्धा तास तरी निथळू द्या.

राजमा रात्रभर, किमान आठ तास भिजवा. भिजवताना लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घातलं तर सालं एकसारखी मऊ होतात, कारण सालीतल्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवणाऱ्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतं. भिजवल्याचं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. इथे एक गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि तिच्यात तडजोड नको. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, भरपूर असतं. ते पोटात गेलं तर काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. खळखळत्या पाण्यात किमान दहा मिनिटं, आणि खात्रीसाठी अर्धा तास उकळल्यावर ते निष्क्रिय होतं. प्रेशर कुकरमध्ये तर होतंच. मंद आचेवरच्या स्लो कुकरमध्ये पाणी उकळीपर्यंत पोचलं नाही तर हा धोका कमी होण्याऐवजी वाढू शकतो. पॅटी नंतर ओव्हनमध्ये 200 अंशांवर भाजणार आहोत म्हणून राजमा अर्धवट शिजलेला चालेल, असं समजू नका. पॅटीच्या आत तापमान जेमतेम 85-90 अंशांपर्यंत जातं.

दाणा बोटांत सहज चिरडला जावा, पण आकार सोडलेला नसावा. कुकरमध्ये फार शिट्ट्या झाल्या की दाणे फुटून पाण्यात विरघळतात आणि तेवढा राजमा पॅटीसाठी वाया जातो. त्याचं दुसरं काही करा. उलट जुना राजमा तासभर उकळूनही दडस राहतो. त्याला भिजवताना लिटरभर पाण्यात पाव लहान चमचा खाण्याचा सोडा घाला, त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते. टोमॅटो, चिंच, लिंबू असलं आंबट काहीही दाणा मऊ होईपर्यंत घालू नका. आम्लात साल मऊ पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. शिजलेला, निथळलेला राजमा ट्रेवर एका थरात पसरा आणि 170 अंशांवर 15 ते 20 मिनिटं ठेवा. दाण्यांची सालं तडकलेली दिसतील, वरून दाणा कोरडा आणि थोडा निस्तेज होईल, पण आत मऊच राहील. 450 ग्रॅमचा राजमा 370-380 ग्रॅमवर आला पाहिजे. ट्रे काढल्यावर पुन्हा वजन करा, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. त्याहून जास्त वाळवला तर दाणे कडक होतात आणि कुस्करताना बारीक खड्यांसारखे लागतात. या पायरीने 70-80 मिली पाणी जातं. तेवढंच पाणी पीठ घालून शोषून घ्यायचं म्हटलं तर किती पीठ लागेल याचा विचार करा, म्हणजे पिठूळपणा कुठून येतो ते कळेल.

कांदा आणि मश्रूमलाही हाच नियम. पसरट कढईत आधी मश्रूम तेलाशिवाय, चिमूटभर मीठ घालून मोठ्या आचेवर परता. पाणी सुटेल, ते पूर्ण आटू द्या. मग 15 मिली तेल आणि कांदा घालून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता, कांदा तांबूस होईपर्यंत. शेवटी लसूण, मसाले आणि टोमॅटो पेस्ट घालून दोन मिनिटं परता, पेस्टचा रंग गडद झाला की उतरवा. 300 ग्रॅम भाजीचं वजन 140 ग्रॅमच्या आसपास येतं. ताज्या टोमॅटोचा रस इथे चालत नाही, त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं. गाजर, बीट किंवा दुधी घालायचा असेल तर किसून मीठ लावून दहा मिनिटांनी घट्ट पिळा आणि मगच परता.

धान्याचं काम दोन प्रकारचं आहे. अर्धं धान्य पॅटीला चिकटपणा देतं, अर्धं चावायला दाणा देतं. म्हणून आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ लांब दाण्याच्या सुट्या तांदळापेक्षा चांगला. लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज हा स्टार्चचा (पिष्टाचा) प्रकार जास्त असतो, भात गार झाला की दाणे कडक आणि सुटे होतात. फ्रीजमधला कालचा भात वापरायचा असेल तर पाण्याचा हबका मारून वाफवून पुन्हा मऊ करा, नाहीतर तो मिश्रणात नुसता पडून राहतो, बांधणीत येतच नाही. नवा भात शिजवून लगेच वापरायचा नसेल तर पसरट ताटात पातळ थर करून लवकर गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. तासन्‌तास खोलीच्या तापमानाला राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

वरी, बाजरी यांसारखी बारीक भरडधान्यं मऊ शिजवली तर तांदळाइतकीच चांगली बांधतात. जव चावायला उत्तम, पण स्वतः बांधत नाही, त्याच्यासोबत ओट्स दहा ग्रॅम वाढवा. किनोआची चव छान लागते, तरी तो सगळ्यात निसरडा. त्यातला तिसरा हिस्सा तरी चांगला चेचून घ्यावा लागतो. गव्हाचा दलिया मधला, त्याचं पाणी मात्र पूर्ण मुरू द्या. धान्य कोणतंही असो, नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी घालून शिजवा आणि झाकण काढून वाफ जाऊ द्या.

बांधणीबद्दल फार गोंधळ आहे, म्हणून जरा खोलात जातो. अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात आणि गरम असतानाही घट्टच राहतात. जवस तसं करत नाही. भिजलेल्या जवसाचा बुळबुळीत पदार्थ पाणी धरून ठेवतो, कण एकमेकांना चिकटवतो, पण ओव्हनमध्ये तो घट्ट होत नाही. खरी घट्ट होणारी वस्तू म्हणजे स्टार्च: ओट्सचा, तांदळाचा, बेसनाचा. साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान, पाणी मिळालं तर, तो फुगून जेलीसारखा होतो. आणि ही जेली गार होताना घट्ट होते, गरम असताना नाही. म्हणूनच ओव्हनमधून नुकतीच काढलेली पॅटी लुसलुशीत आणि नाजूक असते, आणि दहा मिनिटांनी तीच पॅटी उचलता येते. बाजारच्या शाकाहारी पॅट्यांमध्ये मिथाइलसेल्युलोज घालतात. ते उलट वागतं, गरम झाल्यावर घट्ट होतं आणि गार झाल्यावर सैल पडतं. घरी त्याची गरज नाही, फक्त गरम पॅटीशी घाई करायची नाही.

ओट्सऐवजी बेसन घालायचं असेल तर तेवढंच, 40 ग्रॅम, पण मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडं भाजून. कच्च्या बेसनाचा वास ओव्हनमध्ये नीट जात नाही. जवसाऐवजी इसबगोल चालतो: 5 ग्रॅम इसबगोल 60 मिली पाण्यात. तो पाणी फार जोरात ओढतो, प्रमाण वाढवलं की पॅटी रबरासारखी होते. उकडलेला बटाटा बांधतो खरा, पण पॅटी मऊ आणि गुळगुळीत होते, कडधान्याचा पोत हरवतो. मी तो टाळतो. ब्रेडचा चुरा पाणी शोषतो, बांधत फारसा नाही.

आता कुस्करणं. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर पूर्ण फिरवू नका. शिजलेल्या कडधान्याचा स्टार्च पेशींच्या भिंतींत बंद असतो. पाती फिरवून पेस्ट केली तरी तो फारसा मोकळा होत नाही, म्हणजे चिकटपणा हवा तेवढा येत नाही, मात्र दाण्यांचा सांगाडा मोडतो. अशा गुळगुळीत पेस्टमधून वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही आणि आतला लगदा तिथेच जन्माला येतो. दोन तृतीयांश राजमा स्मॅशरने किंवा वाटीच्या बुडाने चांगला चेपा, उरलेला नुसता अर्धा-अर्धा मोडा. धान्य कोमट असतानाच त्यातलं अर्धं हाताने दाबून चेचा. जवसाची पूड 45 मिली पाण्यात दहा मिनिटं आधीच भिजलेली असावी.

परातीत सगळं एकत्र करा, उरलेलं 15 मिली तेल घाला आणि हाताने मिनिटभर दाबून-दाबून मिसळा. तेलात काटकसर नको. या पॅटीत स्वतःची स्निग्धता जवळजवळ नसते, आणि तेलाविना भाजलेली पॅटी कितीही नीट बांधली तरी तोंडात भुसभुशीत लागते. अक्रोड किंवा बिया त्यासाठीच आहेत. नको असतील तर तेल 15 मिली वाढवा.

मूठभर मिश्रण घट्ट दाबून बघा. गोळा टिकला पाहिजे, तळहातावर ओलसर चमक राहता कामा नये. गोळा चिरतो आणि कडा सुटतात, तर पाणी एकेक मोठा चमचा घाला. हाताला चिकट थर बसतो, तर ओट्स दहा-दहा ग्रॅम घाला. पण प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबून मगच पुन्हा बघा, ओट्स पाणी सावकाश पितात आणि घाईत घातलेला तिसरा चमचा नेहमी जास्त ठरतो. त्यानंतर मिश्रण झाकून फ्रीजमध्ये किमान 30 मिनिटं, जमलं तर दोन तास ठेवा. रात्रभरही चालतं. याच वेळात 30 ग्रॅमची एक छोटी चकती तव्यावर भाजून मीठ-तिखट पाहून घ्या, कारण पॅट्या थापल्यावर चव दुरुस्त करता येत नाही.

थापताना 100 ग्रॅमचा गोळा, 9 सेंटिमीटर व्यास आणि दीड सेंटिमीटर जाडी. हात पाण्याने किंचित ओले करा. आधी गोळा दोन्ही हातांत घट्ट वळून आतली हवा काढा, मग चपटा करा आणि कडा बोटाने फिरवत दाबून बंद करा. कडेला जी बारीक चीर आत्ता दिसते तीच ओव्हनमध्ये उघडते. डब्याचं रुंद झाकण किंवा कडी साच्यासारखी वापरली तर जाडी सगळीकडे सारखी येते. मांसाच्या पॅटीसारखी ही आकसत नाही, म्हणून मधे खळगा करायची किंवा पावापेक्षा मोठी थापायची गरज नाही. अडीच सेंटिमीटर जाड पॅटी आतून कधीच नीट भाजून निघत नाही. एक सेंटिमीटरची पॅटी कुरकुरीत होते, पण सुकते.

ओव्हन 200 अंशांवर, पंखा असेल तर 185 वर, किमान वीस मिनिटं आधी तापवा. रिकामा, जाड, गडद रंगाचा धातूचा ट्रे त्याच्यासोबत आत तापू द्या. काचेचं भांडं नको, ते हळू तापतं आणि बूड ओलं राहतं. पॅट्या बेकिंग पेपरवर मांडा, दोन्ही बाजूंनी आणि कडेलाही तेलाचा ब्रश फिरवा, मग पेपरसकट तापलेल्या ट्रेवर सरकवा. तेल इथे दुहेरी काम करतं: उष्णता पृष्ठभागावर पोचवतं आणि वरचा थर लवकर वाळून चिरण्यापासून वाचवतं. दोन पॅट्यांत तीन सेंटिमीटर अंतर ठेवा. खेटून ठेवल्या तर एकमेकींच्या वाफेत शिजतात, भाजल्या जात नाहीत.

ट्रे खालून दुसऱ्या खाचेत. 17-18 मिनिटं हात लावू नका. पॅटी तयार झाली की पेपरपासून आपसूक सुटते. ओढून काढावी लागत असेल तर अजून तीन मिनिटं द्या. पातळ, रुंद कालथ्याने एका झटक्यात उलटा आणि पुढे 12-14 मिनिटं भाजा. मध्यभागी तापमान 85 ते 90 अंश असावं. थर्मामीटर नसेल तर पॅटी मधे बोटाने हलकेच दाबा, ती खचता कामा नये. काढल्यावर जाळीवर दहा मिनिटं. गरम ट्रेवरच ठेवल्या तर खालचं कवच वाफेने पुन्हा मऊ पडतं.

तापमान कमी ठेवून जास्त वेळ भाजणं हा चुकीचा उपाय आहे. 160 अंशांवर पाऊण तास ठेवलेली पॅटी पूर्ण सुकते आणि तरीही फिकट दिसते, कारण तांबूसपणा येण्यासाठी पृष्ठभाग चांगला कोरडा होऊन 140 अंशांच्या वर जावा लागतो. 230 वर बाहेरचे मसाले करपतात आणि आतला स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो. लहान ओव्हनमध्ये वरची तार पॅटीच्या फार जवळ येते. ट्रे मध्यावर ठेवा, अर्ध्या वेळाने फिरवा. एअर फ्रायरमध्ये 190 अंशांवर 15 ते 18 मिनिटं पुरतात, उलटणं दहाव्या मिनिटाला.

तरीही बिघडलं तर बघायचं काय? फक्त कडा चिरल्या आणि मध्य ठीक आहे, तर मिश्रण कोरडं होतं किंवा थापताना कडा बंद झाल्या नाहीत. उलटताना दोन तुकडे झाले पण चव-पोत चांगला आहे, तर घाई झाली किंवा मिश्रण गार करून मुरवलं नाही. चुरा होतो, तर दाणे फार अख्खे राहिले किंवा धान्य सुटं, गार होतं. बाहेर कवच आणि आत चिखल, तर राजमा वाळवला नाही किंवा पेस्ट झाली, आणि त्या पॅटीला आणखी भाजून काही होत नाही. ती गार करून पातळ कापा आणि तेल लावून तव्यावर परता. पिठूळ लागते, तर पाणी काढायच्या जागी पीठ घातलं गेलं.

छोले वापरायचे असतील तर दुसरी एक वाट आहे. शिजवलेले छोले कोरडे आणि भुसभुशीत बांधतात. त्याऐवजी ते 12 ते 18 तास भिजवून, निथळून, पुसून, कच्चेच रव्याएवढे भरड वाटले तर त्यांचा कच्चा स्टार्च ओव्हनमध्येच फुगतो आणि स्वतःच बांधतो. जवसाची गरज पडत नाही. अशा मिश्रणात शिजवलेलं धान्य कडधान्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको आणि पॅटी एक सेंटिमीटरच ठेवा. ही पद्धत राजम्याला कधीही लावायची नाही, कारण वर सांगितलंच आहे. मसूर लवकर गळते, म्हणून अख्खी घ्या, 20 मिनिटांत काढा आणि ओव्हनमध्ये 12 मिनिटंच वाळवा.

कडधान्य आणि धान्य एकत्र घेण्याला पोषणाचंही कारण आहे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी कडधान्यांत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी, धान्यांत नेमकं उलट. पण त्यासाठी पॅटीतलं प्रमाण बिघडवू नका. दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी पुरतं.

जास्तीच्या करून ठेवायच्या असतील तर कच्च्या नव्हे, भाजून पूर्ण गार झालेल्या पॅट्या गोठवा. कच्च्या गोठवल्या तर बर्फाचे कण बांधणी मोडतात आणि वितळताना पाणी सुटतं. आधी ट्रेवर सुट्या गोठवा, मग मधे कागद घालून डब्यात भरा. तीन महिने चांगल्या राहतात. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. गोठलेली पॅटी न वितळवता थेट 190 अंशांवर, तेलाचा हात लावून, 18 ते 20 मिनिटं, मधे एकदा उलटून. मायक्रोवेव्हमध्ये ती गरम होते, पण कवच मऊ पडतं. तिथून काढून दोन मिनिटं तापलेल्या तव्यावर टाका.